आधी चालत नाही, उशिरा चालते: लसींच्या तारखांवर वाचकांचे प्रश्न

लसीकरणावर प्रश्न पाठवा म्हटल्यावर ‘लस द्यावी की नाही’ असे विचारणारी पत्रे मोजकीच आली. बाकी सगळी तारखांची. तारीख चुकली, सर्दी आडवी आली, बाळ माहेरी आहे, केंद्रावरून परत पाठवले. त्यातली सहा घेतली आहेत.

माझे बाळंतपण माहेरी, यवतमाळला झाले. जन्माच्या वेळचे तीनही डोस तिथे मिळाले. दीड महिन्याचे राहून गेले, कारण आधी बाळाला सर्दी होती आणि मग ऊन तापले. आता बाळ अकरा आठवड्यांचे आहे. सासूबाई म्हणतात, पाऊस पडला की देऊ. पहिल्यापासून सुरू करावे लागेल का?
– एक आई, त्रिमूर्तीनगर

पहिल्यापासून काहीही नाही. उशीर झाला म्हणून दिलेला डोस वाया जात नाही. जिथे थांबलात तिथून पुढे जायचे. तारखांचा नियमच असा आहे की खालची हद्द पक्की आणि वरची सैल. सहा आठवड्यांच्या आधी पेंटाव्हॅलंट देत नाहीत, दोन डोसांत २८ दिवसांहून कमी अंतर ठेवत नाहीत. पण अंतर वाढले म्हणून आधीचा डोस बाद होत नाही.

तुमच्या बाळाचा हिशेब असा. या आठवड्यात जाल त्या दिवशी पेंटाव्हॅलंट, तोंडावाटे पोलिओ, जुलाबांवरची रोटाव्हायरस, उजव्या दंडात पोलिओचे छोटे इंजेक्शन आणि न्यूमोनियाची पीसीव्ही, असे सगळे पहिले डोस. तिथून २८ दिवसांनी पेंटाव्हॅलंट, पोलिओ थेंब आणि रोटा यांचा दुसरा. आणखी २८ दिवसांनी या तिघांचा तिसरा, आणि त्याच दिवशी दंडातल्या पोलिओचा व पीसीव्हीचा दुसरा, कारण त्या दोन्हींत आठ आठवड्यांचे अंतर लागते. त्या दोघांचा शेवटचा डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवरच्या लसीबरोबर.

वरची हद्द सैल असली तरी पाऊस पडेपर्यंत थांबू नका. पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब (न्यूमोनिया करणारा एक जिवाणू) या पाच गोष्टींवरची लस असते. यातला डांग्या खोकला सगळ्यात वाईट छळतो तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. मोठे मूल खोकून खोकून लाल होते. इतके लहान बाळ कधी कधी खोकतच नाही, नुसते निळे पडते, श्वास थांबतो. म्हणजे धोका आहे तेच हे महिने, आणि तेच आपण ‘नंतर बघू’ म्हणून घालवतो.

नाक वाहणे, हलका खोकला, किरकोळ ताप, पातळ शी, अँटिबायोटिक सुरू असणे, यांपैकी कशासाठीही लस पुढे ढकलायची नसते. ढकलायची ती बाळ खरोखर आजारी असेल तेव्हा: जोराचा ताप, धाप, दूध न ओढणे, दवाखान्यात भरती. तेही बरे होईपर्यंतच. आणि ऊन म्हणाल, तर लसीला ऋतू नाही. सकाळी नऊ-दहाला जा, बाळाला एका पातळ सुती कपड्यात न्या. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला बाहेर काढत नाहीत. तो संपता संपता सहा आठवडे भरतातच, त्यामुळे पहिली बाहेरची फेरी लसीकरण केंद्राची करायला हरकत नाही.

यवतमाळचे कार्ड बरोबर न्या. यू-विनवर (सरकारच्या लसीकरण नोंदणीच्या संकेतस्थळावर) नोंद झाली असेल तर माहेरी दिलेला मोबाईल क्रमांक सांगा. नागपूरच्या केंद्रात तीच नोंद पुढे चालते. नवीन क्रमांक दिला की बाळ दुसऱ्यांदा नोंदले जाते आणि घोळ होतो.

बाळ साडेआठ महिन्यांचे आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोन महिन्यांसाठी गावी, काटोल तालुक्यात जातो आहोत. गोवरची लस जाण्याआधीच घेतली तर?
– बाबा, मानेवाडा

नको. नऊ महिने पूर्ण होण्याआधी दिलेला गोवर-रुबेलाचा डोस वेळापत्रकात धरत नाहीत. आईकडून गर्भात मिळालेली गोवरविरोधी प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात, आणि ती लसीतल्या जिवंत पण दुबळ्या विषाणूला वाढू देत नाहीत. लस टोचली जाते, पण शरीर काही शिकत नाही. गोवरची साथ असेल तेव्हा सहा महिन्यांपासून एक जादा डोस देण्याचा निर्णय सरकार घेऊ शकते. २०२२ मध्ये मुंबईत साथ आली तेव्हा तो दिला गेला. पण तो जादाच. त्यानंतर नऊ महिन्यांचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांचा हे दोन्ही लागतातच.

तुम्ही गावीच घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीतल्या सत्राच्या दिवशी तीच लस, तितकीच मोफत. आशाताईंना गेल्याबरोबर सांगून ठेवा. त्या दिवशी एमआर (गोवर-रुबेला), पीसीव्ही आणि पोलिओचे इंजेक्शन असते, मेंदूज्वराची लस लागू असलेल्या जिल्ह्यांत तीही, आणि अ जीवनसत्त्वाचा १ मिली डोस. सुया जास्त दिसतात म्हणून ‘दोन आज, दोन नंतर’ असे करू नका. टोचायच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी चालतात. एक दिवस चुकवलात तर मग मध्ये चार आठवडे जावे लागतात.

अनेक घरांत दुसऱ्या डोसाला ‘बूस्टर’ समजून हलके घेतात. नऊ महिन्यांच्या वयात दर शंभरातल्या साधारण पंधरा बाळांना पहिला डोस लागूच पडत नाही. दुसरा डोस त्यांच्यासाठी आहे, आणि तुमचे बाळ त्या पंधरांत आहे की पंच्याऐंशींत हे बाहेरून दिसत नाही.

एमआरचा ताप त्या रात्री येत नाही. तो सात ते बारा दिवसांनी येतो, कधी अंगावर पुरळही. तोवर लस विसरलेली असते आणि आई-बाबा धावत दवाखान्यात जातात. जायला हरकत नाही, फक्त लसीची तारीख सांगा.

आम्ही बीसीजीसाठी (क्षयाच्या लसीसाठी) मनपाच्या केंद्रावर गेलो तर ‘आज नाही, बुधवारी या’ म्हणून परत पाठवले. फ्रिजमध्ये लस होती! हा काय प्रकार?
– एक वाचक, महाल

बीसीजी आणि एमआर भुकटीच्या स्वरूपात येतात. द्रावण मिसळले की चार तासांत संपवायच्या, उरलेली फेकायची, कारण त्यात जंतुनाशक नसते आणि उशीर झाला तर आत जिवाणू वाढतात. बीसीजीच्या एका बाटलीत दहा डोस. एका बाळासाठी उघडली की नऊ वाया जातात म्हणून सिस्टर मुले गोळा होण्याची वाट पाहतात. पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही, पोलिओ यांचे तसे नाही. उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते, म्हणून त्या लसी मिळून गेल्या असत्या.

कारण समजण्यासारखे आहे, पण परत पाठवणे चूकच. एका बाळासाठीही बाटली उघडावी असेच सरकारी धोरण आहे. वाया गेलेल्या नऊ डोसांपेक्षा सुटलेले एक बाळ महाग पडते. हे शांतपणे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घाला. आणि तोवर व्यवहार म्हणून: सत्राचा दिवस आशाताईंकडून विचारून घ्या, पहिल्या तासात पोचा. बाटलीवर ती उघडल्याची वेळ लिहिलेली असते, ती बघायचा तुम्हाला हक्क आहे.

त्याच बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. गोलाइतकाच किंवा जास्त गडद झाला तर उन्हाने मार खाल्लेली, घ्यायची नाही. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा एवढे बघून घेणे म्हणजे संशय नव्हे.

उन्हापेक्षा बर्फाची चूक मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. खासगी डॉक्टर कधी चिठ्ठी देऊन लस बाहेरून आणायला सांगतात. दुकानदार बर्फाच्या खड्यांत बाटली खुपसून देतो, आपण खूश. पण पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही, कावीळ ब, फ्लू या लसी गोठल्या की निकामी होतात. दिसायला तशाच राहतात. लसीला २ ते ८ अंश हवे. बर्फाची पिशवी कागदात किंवा कापडात गुंडाळा, लस तिच्या थेट अंगाला लागू देऊ नका. घरी न नेता सरळ दवाखाना गाठा. गाडीच्या डिकीत ठेवून वाटेत भाजी घ्यायला थांबू नका. सगळ्यात बरे म्हणजे डॉक्टरांच्याच फ्रिजमधली लस घेणे. (पत्रात ‘मेडिकलमधून आणली’ असे लिहिले की आम्हाला कळत नाही, दुकान की मेडिकल कॉलेज. नागपूरकरांनी कृपया खुलासा करावा.)

पेंटाव्हॅलंटनंतर ताप येतो म्हणून आम्ही आधीच औषध देतो. दोन वेळा द्यायचे की तीन? मांडीवर गाठ आली तर काय लावावे? आई हळद-चुना म्हणते.
– एक आई, वाडी

आधी देऊ नका. ताप आला किंवा बाळ कळवळले, तरच. पॅरासिटामॉल वजनावर मोजतात, वयावर नाही: दर किलोला १५ मिलीग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. केंद्रात वजन करून कार्डावर लिहून घ्या. पाच किलोच्या बाळाला ७५ मिलीग्रॅम.

इथून पुढे चूक होते ती बाटलीची. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलीग्रॅम असते, म्हणजे पाऊण मिली. सिरपच्या बाटलीत पाच मिलीत १२५ असते, म्हणजे तीन मिली. दुसरे सिरप पाच मिलीत २५० चे येते, त्याचे दीड मिली. शेजारीण सांगते ‘तीन मिली दे’, आणि घरात थेंब असतात. ते झाले चौपट. लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि चमच्याने नाही, बाटलीबरोबरच्या ड्रॉपरने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. अॅस्पिरिन मुळीच नाही.

गाठीवर काही लावायचे नाही. हळद, चुना, तेल, बाम काही नको. चोळायचे नाही, शेकायचे नाही. स्वच्छ कापड थंड पाण्यात बुडवून पिळून ठेवा, बस. छोटी कडक गाठ काही आठवडे राहते, दुखत नसेल तर विसरा. तापातही बाळाला गुंडाळू नका, कूलरचा झोत थेट अंगावर नको, अंगावरचे दूध पुन्हा पुन्हा पाजा.

बीसीजीचे उलटे आहे. तिथे ताप नाही, पण काही आठवड्यांनी डाव्या दंडावर फोड येतो, फुटतो, पाणी वाहते, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत व्रण उरतो. हे व्हायलाच हवे. पट्टी, मलम, पावडर नको, साध्या पाण्याने आंघोळ चालू ठेवा. व्रण उठलाच नाही तरी पुन्हा टोचत नाहीत. काखेत गाठ मोठी होऊ लागली किंवा मऊ पडली तर दाखवा.

लगेच दवाखाना कधी? झटका आला, बाळ पांढरे पडून लोळागोळा झाले, तीन तास सलग न थांबता रडले, अंगभर गांध्या उठल्या किंवा श्वासाला त्रास झाला, ताप दोन दिवसांपुढे गेला. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एक दिवस उलटूनही ताप असेल तर लसीवर ढकलू नका, दुसरा संसर्ग असू शकतो. टोचल्यावर केंद्रात अर्धा तास बसवतात ते गांध्या-श्वासाच्या त्रासासाठी. तो आला तर बहुधा तेवढ्यातच येतो. ‘गर्दी आहे, निघतो’ म्हणू नका.

तापात झटका येण्याची सवय असलेल्या मुलालाही लस चालते. मागच्या डोसानंतर सात दिवसांत बेशुद्धी, मेंदूचा आजार झाला असेल तर मात्र डांग्या खोकल्याचा भाग पुढे देत नाहीत, आणि तो निर्णय बालरोगतज्ज्ञांचा.

सरकारी लस दुखते, खासगीत ‘पेनलेस’ मिळते. दोन्हींची सरमिसळ चालते का?
– बाबा, प्रतापनगर

‘पेनलेस’मध्येही सुई असतेच. फरक डांग्या खोकल्याच्या घटकात आहे: सरकारी लसीत पूर्ण जिवाणू (मारलेला), दुसरीत त्याचे वेगळे काढलेले तुकडे. तुकड्यांच्या लसीने ताप-सूज कमी, पण संरक्षणही लवकर उतरते. आमचे मत सरकारी लसीच्या बाजूने आहे. एका रात्रीचा ताप आणि काही वर्षांचे संरक्षण यांत आम्ही दुसरे निवडू. तरी खासगी घेतलेल्यांचे काही बिघडत नाही. घेतलीच असेल तर पुढे सरकारी केंद्रात जा, हिशेब जुळतो. रोटाव्हायरस मात्र शक्यतो एकाच कंपनीची पूर्ण करा.

सरकारी वेळापत्रकात नसलेल्या पण बालरोगतज्ज्ञ सुचवतात अशा लसी वेगळ्या: सहा महिन्यांनंतर फ्लू आणि टायफॉइड, वर्षानंतर अ प्रकारची कावीळ, पंधरा महिन्यांना कांजिण्या, आणि एमआरऐवजी गालगुंडासह एमएमआर. पैसे हात राखून असतील तर टायफॉइडला आधी जागा द्या. पाणीपुरीच्या गाड्यांच्या शहरात ती फार महाग वाटणार नाही. यांपैकी काहीही मोफत लसींच्या बदल्यात नाही. खासगीत टोचून घेतले की कार्डावर तारीख आणि लसीचे नाव लिहूनच बाहेर पडा.

बत्तीस आठवड्यांत जन्मलेले, दीड किलोचे बाळ. तारखा दोन महिने पुढे ढकलायच्या ना?
– एक आजी, कामठी

नाही आजी, जन्मतारखेपासूनच मोजायचे, ‘भरलेल्या दिवसां’पासून नाही. बाळ स्थिर असेल तर पूर्ण डोस, ठरल्या आठवड्यात. अशा बाळांना आईकडून मिळालेली शिदोरीही कमी असते, म्हणून उशीर उलटा नडतो. वजन दोन किलोच्या आत असेल तर जन्माचा कावीळ-ब डोस नीट लागत नाही. पुढे पेंटाव्हॅलंटचे तीनही झाले की भरून निघतो. फक्त बाळाच्या आईची ब-कावीळ तपासणी झाली होती ना, ते कार्डावर बघा. ती पॉझिटिव्ह असेल तर जन्मल्यापासून बारा तासांत लस आणि तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन दोन्ही लागतात, वजन काहीही असो.

आणि तुमच्या पत्राच्या शेवटी विचारलेल्या मोठ्या नातवाचे: सहा वर्षांचा आहे आणि पाच वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) राहिला आहे. सात वर्षे पूर्ण होईपर्यंत तो मिळतो. त्यानंतर डीपीटी देत नाहीत, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) देतात, आणि तिच्यात डांग्या खोकल्याची लस नसते.