कामगार न्यायालय आणि औद्योगिक न्यायाधिकरण एकत्र करून एकच ठेवणं योग्य आहे का?

तुमचा प्रश्न औद्योगिक संबंध संहितेवरून आलाय असं धरतो. कामगार-मालक वादांसाठीची केंद्राची २०२०ची ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. बडतर्फीसारखे वाद ऐकणारं कामगार न्यायालय आणि पगार-बोनससारखे मोठे वाद ऐकणारं औद्योगिक न्यायाधिकरण, या दोन्हींच्या जागी तिने एकच न्यायाधिकरण आणलं. मी वकील नाही. एका युनियनच्या कचेरीत बारा-तेरा वर्षं कोर्टाच्या फायली सांभाळल्या, त्या जोरावर लिहितोय.

एकत्र करणं मला मुळात पटतं, कारण केस कुठे टाकायची यातच आपल्याकडे माणूस दमतो. बडतर्फ झालेल्या कामगाराला महाराष्ट्रात दोन वाटा होत्या. एक १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याची: आधी समेट अधिकारी, म्हणजे दोन्ही पक्षांत तडजोड घडवू पाहणारा सरकारी अधिकारी, तिथं नाही जमलं तर कामगार न्यायालय. दुसरी राज्याच्या १९७१च्या कायद्याची, म्हणजे मालकाच्या अनुचित कामगार प्रथेविरुद्ध (अनफेअर लेबर प्रॅक्टिस) तक्रार, जिला कोर्टाच्या आवारात सगळे नुसतं 'यूएलपी' म्हणतात. ती ९० दिवसांत टाकायची. यूएलपी टाकली की त्याच बाबीसाठी पहिली वाट बंद. त्यातही बडतर्फीची यूएलपी कामगार न्यायालयात, आणि आकसाने केलेल्या बदलीची किंवा वर्षानुवर्षं टेंपररी ठेवल्याची औद्योगिक न्यायालयात, म्हणजे याच राज्य कायद्याखालच्या वरच्या कोर्टात.

ठेकेदाराकडच्या कामगारांचं तर विचारूच नका. आमच्याकडच्या काही जणांनी यूएलपी टाकली. कंपनीचं पहिलंच म्हणणं, ही आमची माणसं नाहीत. सिप्ला प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या निकालापासून हे उत्तर हमखास चालतं: मालक-कामगार हे नातंच नाकारलं असेल तर आधी ते १९४७च्या कायद्यासारख्या वेगळ्या वाटेने सिद्ध करून या. हे ऐकायला आम्हाला साडेतीन वर्षं लागली. तोवर त्यातले दोघं गावी गेले होते, एकाने रिक्षा घेतली होती. पगार बुडाला की नाही यावर एक अक्षरही बोललं गेलं नव्हतं.

त्यामुळे एकच दार असावं, याला माझा पाठिंबा. संहितेत आणखी एक चांगलं झालंय. पूर्वी युनियनच्या मागण्यांचा वाद कोर्टात पाठवायचा की नाही हे सरकार ठरवायचं, त्याला रेफरन्स म्हणत. आता समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यावर ९० दिवसांत कुठलाही पक्ष थेट अर्ज करू शकतो.

खटकतं ते पुढचं. नव्या न्यायाधिकरणात एक न्यायिक सदस्य आणि एक प्रशासकीय. बडतर्फीसारखी प्रकरणं दोघांनी मिळून ऐकायची. म्हणजे जिथं एका न्यायाधीशावर भागत होतं, तिथं आता दोन खुर्च्या भरलेल्या हव्यात. आमच्या एका कोर्टात साहेबांची बदली झाली तेव्हा सात महिने शिपाई बाहेर येऊन पुढची तारीख सांगायचा, एवढंच कामकाज. शिवाय समोरचा पक्ष महापालिका किंवा एखादं महामंडळ असेल, तर प्रशासनातून आलेल्या सदस्यासमोर उभं राहताना कामगाराच्या मनात शंका येणारच. ती खरी असो वा खोटी.

असं मिसळणं याआधीही झालंय. पीएफचं अपिलीय न्यायाधिकरण दिल्लीत होतं. २०१७च्या वित्त कायद्याने त्याचं काम केंद्राच्या औद्योगिक न्यायाधिकरणांकडे आलं. दिल्लीची खेप वाचली, हे मान्य. पण काम वाढलं ते त्याच खुर्चीचं. पीएफच्या अपिलात स्थगिती मागायला कंपनीचा मोठा वकील उभा राहायचा आणि आमचा जुना रेफरन्स पुढच्या तारखेला जायचा, हे मी मागच्या बाकावर बसून पाहिलंय.

आणि गंमत बघा, संहितेने रद्द केलेल्या तीन कायद्यांत आपला १९७१चा कायदा नाहीच, कारण ते तिन्ही केंद्राचे आहेत. म्हणजे ज्या दोन वाटांच्या घोळाबद्दल मी वर लिहिलं, तो महाराष्ट्रात या एकत्रीकरणाने मिटत नाही. राज्याने स्वतःचा कायदा संहितेशी जुळवून घेतला तरच फरक पडेल. जुळवताना कामगार न्यायालयाच्या निकालावर औद्योगिक न्यायालयात करता येणारी रिव्हिजन (फेरतपासणी) मात्र काढू नये. ती जिल्ह्याच्या पातळीवर, कमी खर्चात होते. नाहीतर प्रत्येक नाराज माणसाला थेट उच्च न्यायालय गाठावं लागेल. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (तिथंच बसणारं खंडपीठ) आहे म्हणून सांगली-सोलापूरकरांची मुंबईवारी वाचली. वकिलाची फी तीच.

तुमची स्वतःची केस असेल तर आधी कामावरून काढल्याच्या पत्रावरची तारीख बघा. ९० दिवस उलटले नसतील तर यूएलपीची वाट अजून उघडी आहे, याच आठवड्यात वकिलाला किंवा युनियनवाल्यांना भेटा. उलटले असतील तर दिरंगाई माफीचा अर्ज सोबत जोडता येतो, किंवा संहितेखाली समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. पण तिथंही पूर्वीची तीन वर्षांची मुदत आता दोन वर्षांवर आली आहे.