कमिटीत नवा आहेस, तर आधी एवढं सांभाळ

पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत निवडून आलास, मनापासून आनंद झाला. चर्चची घटना, मालमत्तेचे कागद, डायसिसचे (बिशपच्या धर्मप्रांताचे) नियम हळूहळू कळतील, त्याची घाई नको. पहिल्या वर्षी हे पाहा:

- कोणाचं खटकलं तर एकट्याने त्याच्या घरी जा. बायबलात मत्तय १८:१५ मध्ये हाच क्रम आहे. नवे सभासद नेमकं उलटं करतात: आधी चौघांना फोन, मग व्हॉट्सॲप, आणि ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं.
- 'आपला गट' हे शब्द तोंडी येऊ देऊ नकोस. बायबलातल्या करिंथच्या मंडळीत कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, असे शिक्षकांवरून गट पडले होते. आपल्याकडे जुन्या पाळकांचे नि नव्या पाळकांचे होतात.

आमच्याकडे उपासनेत पेटी-तबला की कीबोर्ड, यावरून दोन कुटुंबं वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडू लागली होती. मीही तावातावाने बोललो होतो. पुढच्या प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) गुडघे टेकले, तर शेजारी तोच भाऊ. मला मान वर करवेना. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. चहा निवून गेला, पण बोलणं झालं.

एकी म्हणजे सगळं एकसारखं नव्हे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासूंचा बाप्तिस्मा, दोन्ही ठेवले. केवढी मोठी गोष्ट ही!

आणि एकीच्या नावाखाली चूक झाकू नकोस. हिशेबात शंका आली तर बैठकीतच विचार.

पहिल्या बैठकीआधी, तुझ्याविरुद्ध उभा होता त्याला भेटून ये.