पट्ट्यापट्ट्यांची कोरफड?

प्रश्न : ताई, दादरहून एक इवलीशी कुंडी आणली. पानं टोकदार, गडद हिरवी, वर पांढरे आडवे पट्टे. विकणारा म्हणाला, ‘छोटी कोरफड’. जुलैत खालची पानं पाणचट होऊन गळायला लागली. हे नक्की काय आहे? वाचेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : कोरफड नव्हे, तिची चुलतबहीण. हॉवर्थिया म्हणतात, २०१३पासून शास्त्रीय नाव हॉवर्थिऑप्सिस. मूळची दक्षिण आफ्रिकेची. पानाच्या कडेवरून बोट फिरवा. कोरफडीचे काटेरी दात लागतात, इथे तसे लागणार नाहीत. मग पानाच्या आतल्या बाजूवर नख घासा. तिथेही पांढरे खडबडीत दाणे असतील तर ती अटेनुआटा ही जात, आतली बाजू गुळगुळीत असेल तर फॅसिआटा ही जात. बाजारात बहुतेक वेळा अटेनुआटाच फॅसिआटा म्हणून खपते.

आता गळतीचं. पावसाळ्यात आपल्या हवेत कुंडी वाळतच नाही आणि आपण मात्र सवयीने पाणी घालतो. मी स्वतः तीन रोपं अशीच बुडवलीत, तेव्हा लाजू नका! रोप उपटा, मऊ पडलेली पानं नि काळी मुळं काढून टाका, चार दिवस सावलीत वर्तमानपत्रावर पडू द्या. मग निम्मी माती, निम्मी जाड वाळू नि विटेचा चुरा, आणि तळाला भोक असलेली कुंडी. आठवडाभर पाणी नाही. पुढे कुंडीत आइस्क्रीमची काडी खुपसून बघा, ती कोरडी निघाली तरच पाणी. कुंडी ग्रिलच्या आतल्या बाजूला ठेवा. दुपारच्या उन्हात पानं तांबूस पडतात.