माउईला सहा जणांनी खासगी शिडाची बोट घेऊन स्नॉर्केलिंगला जावं की मोठ्या बोटीचं तिकीट काढावं?

तुम्ही लिहिलंय की जुलैत हवाईतल्या माउई बेटावर जाताय. तुम्ही दोघं, नऊ आणि तेरा वर्षांची मुलं, आणि भारतातून आलेले सासू-सासरे. सासूबाईंना पोहता येत नाही. सासरे लहानपणी विहिरीत शिकले, पण त्यालाही जमाना झाला. मोलोकिनी हे छोटं बेट स्नॉर्केलिंग करत, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यात तोंड घालून, बघायचंच आहे आणि शिडाच्या बोटीची हौसही आहे. एवढ्या माहितीवर माझं उत्तर असं: खासगी बोट जरूर घ्या, पण मोलोकिनीचा हट्ट सोडा. दोन्ही पाहिजेच असेल तर दोन वेगळे दिवस ठेवा.

कारण वारा. माउई म्हणजे दोन डोंगर आणि मधे सखल पट्टी. पूर्वेला हलेआकाला, ३,०५५ मीटर उंच, आणि दुसऱ्या बाजूला पश्चिम माउईचे डोंगर. उन्हाळ्यात ईशान्येकडून व्यापारी वारे जवळजवळ रोज येतात, या दोन डोंगरांच्या मधल्या पट्टीत घुसतात, तिथे जोर धरतात आणि दक्षिणेला मालाएआच्या खाडीवर सुसाट बाहेर पडतात. तिथल्या बंदराच्या डोक्यावरच्या डोंगरधारेवर पवनचक्क्यांची रांग आहे, ती काही शोभेसाठी नाही. सकाळी सातला जिथे पाणी सपाट असतं, तिथेच अकराच्या पुढे पांढऱ्या फेसाच्या लाटा उठायला लागतात.

आता गंमत अशी की शिडाला वारा हवा आणि स्नॉर्केलिंगला तो अजिबात नको. जाहिरातीतल्या फोटोत फुगलेलं शीडही असतं आणि काचेसारखं पाणीही असतं, पण एकाच तासाला ती दोन्ही सहसा मिळत नाहीत. चांगला कॅप्टन काय करतो, तर भल्या सकाळी शीड गुंडाळलेलं ठेवून इंजिनावर निघतो, पाणी शांत आहे तोवर तुम्हाला पोहवून घेतो आणि वारा उठला की शीड चढवून परततो. दुपारची फेरी स्वस्त असते ती याचसाठी. नुसती शिडाची मजा घ्यायची असेल तर दुपार उत्तम. पण सासूबाईंना पहिल्यांदा पाण्यात उतरवायचं असेल तर सकाळच, तीही सर्वांत लवकरची.

मोलोकिनी म्हणजे अर्धवट बुडालेल्या ज्वालामुखीचं तोंड, चंद्रकोरीच्या आकाराचं, माउईच्या दक्षिण किनाऱ्यापासून साधारण पाच किलोमीटरवर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आरमार त्यावर बॉम्बफेकीचा सराव करायचं. १९७७ पासून तो संरक्षित सागरी भाग आहे. मासेमारी बंद, बेटावर पाय ठेवायलाही बंदी. किनाऱ्यावरून वाहून येणारा गाळ तिथे पोचत नाही, म्हणून चांगल्या दिवशी तीस मीटर खालचं दिसतं. बघण्यासारखी जागा आहे, वाद नाही. पण तिथे ठरवून दिलेल्या तरंगत्या बोयांनाच बोट बांधावी लागते आणि व्यावसायिक परवाने मोजके आहेत. ते बहुतेक मोठ्या कॅटामरानवाल्यांकडे, म्हणजे दोन तळांच्या बोटी चालवणाऱ्यांकडे. बऱ्याच छोट्या शिडाच्या बोटी तिथे जातच नाहीत, आणि जी जाते तिचा निम्मा वेळ जाण्यायेण्यातच खर्च होतो. शिवाय तिथे आसपास किनारा नाही. पाय टेकायला जागा नाही, खाली खोल पाणी. पोहता न येणाऱ्या माणसाला पहिल्या खेपेस मी तिथे उतरवणार नाही.

त्यापेक्षा ओलोवालू, किंवा मालाएआच्या पश्चिमेला कड्याखालचं कोरल गार्डन्स, नाहीतर दक्षिणेला मकेनाची बाजू. यातली कुठली, ते तुम्ही ठरवू नका, त्या सकाळचा वारा बघून कॅप्टनला ठरवू द्या. उत्तरेचं होनोलुआ हेही उन्हाळ्यात अप्रतिम असतं. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून प्रचंड लाटा येतात, पण जुलैत बहुधा निवांत. याच होनोलुआहून १९७६ साली होकुलेआ ही पारंपरिक जोडहोडी कुठलंही यंत्र न वापरता, ताऱ्यांवर आणि लाटांवर वाट काढत ताहितीला गेली होती. सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर बोटीवर हा विषय काढा, स्थानिक लोक तासभर बोलतात.

छोट्या बोटींबद्दल एक नियम माहीत असू द्या. अमेरिकेत तटरक्षक दलाची तपासणी न झालेल्या भाड्याच्या बोटीवर जास्तीत जास्त सहा प्रवासी नेता येतात. कॅप्टन आणि त्याचा मदतनीस वेगळे. तुम्ही बरोब्बर सहा आहात, म्हणजे बसता. पण ऐनवेळी मामेभाऊ म्हणाला मीही येतो, तर नाही चालणार. मांडीवरचं बाळसुद्धा मोजतात. 'सातवा चालवून घेऊ' म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा.

बोट ठरवताना फोटो बघू नका, फोन करा. पहिला प्रश्न शिडीचा. एका तळाच्या शिडाच्या बोटीला बऱ्याचदा मागे उभी, अरुंद शिडी असते. पाण्यात अर्धा तास काढल्यावर, पायात बळ नसताना, वर चढणं हेच साठीच्या माणसाला सर्वांत कठीण जातं. आम्ही गेलो तेव्हा माझी आई मासे बघून खूश होती, पण शिडीपाशी आल्यावर गुडघा वाकेना. मदतनिसाने पाण्यात उतरून तिचा पाय धरून पायरीवर ठेवला, तेव्हा कुठे ती वर आली. कॅटामरानला मागे पायऱ्या असतात, तिथे हे सोपं जातं. दुसरं म्हणजे एका तळाची बोट वाऱ्यात कलते. ती कलायचीच, तशीच बनवलेली असते, पण हे आधी सांगितलेलं नसेल तर घरची मंडळी देवाचा धावा सुरू करतात. म्हणून तुमच्या घरच्यांसाठी छोटी कॅटामरान मिळाली तर ती बघा.

निघायची जागाही विचारा. कानापालीच्या किनाऱ्यावर कॅटामरान थेट वाळूला लागते आणि लाटेतून चालत जाऊन चढावं लागतं. मुलांना मजा, आजीला सजा. मालाएआला धक्का आहे, पाय न भिजवता चढता येतं. आणि इंटरनेटवरचे जुने लेख वाचताना 'लाहायना बंदरातून' असं दिसलं तर ते धरून चालू नका. ऑगस्ट २०२३ च्या आगीत ते गाव आणि बंदर होरपळलं, अनेक बोटवाल्यांनी तेव्हा जागा बदलल्या.

आता सुरक्षेचं. इथे मी थोडी लांबण लावणार आहे, कारण आपल्याकडची मंडळी याबाबत फार बिनधास्त असतात. मालवणला सिंधुदुर्गाच्या बाजूला स्नॉर्केलिंग केलेलं असतं, तिथे गाईड तुम्हाला रिंगेला धरून स्वतः फिरवतो, आपण फक्त तोंड पाण्यात घालायचं. अमेरिकेत मास्क देतात, फॉर्मवर सही घेतात आणि मग तुम्ही तुमचे. हवाईत पर्यटक बुडून मरतात त्यात स्नॉर्केलिंग करणारे फार मोठ्या संख्येने असतात, आणि दरवेळी लाटेने ओढून नेलेलं असतं असं नाही. शांत पाण्यात, आरडाओरडा न करता माणूस थांबतो. तिथल्या आरोग्य खात्याने यावर अभ्यास करवून घेतला. त्यात असं पुढे आलं की अरुंद नळीतून जोर लावून श्वास ओढताना काहींच्या फुप्फुसात पाणी उतरू लागतं. पाणी नाकातोंडातून आत जात नाही, शरीरातलंच तिथे झिरपतं. हृदयाचा त्रास असणाऱ्यांना धोका जास्त. तेव्हा सासऱ्यांना रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरवा. नळी साधी, आखूड, रुंद तोंडाची घ्या. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क दिसायला झकास असतात, पण दम लागला तर पटकन निघत नाहीत, मी आमच्या घरात वापरू देत नाही. दम लागल्यासारखं वाटलं की मास्क काढायचा, पाठीवर उताणं व्हायचं, हात वर करून बोटीला खूण करायची. हे किनाऱ्यावर, कमरेइतक्या पाण्यात, बोटीच्या आदल्या दिवशी दोन-तीनदा करवून घ्या. मुलांकडूनही.

खासगी बोटीचे पैसे वसूल होतात ते इथे. भाडं सहा तिकिटांच्या बेरजेपेक्षा जास्तच पडतं, वर पंधरा-वीस टक्के टिप. पण मोठ्या बोटीवर शंभर माणसं एकदम पाण्यात, आणि ठरल्या वेळेला भोंगा वाजला की सगळे वर. आमच्या छोट्या बोटीवर आई वीस मिनिटं नुसती शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून होती, पाय पाण्यात, मास्क कपाळावर. कोणी घाई केली नाही. मग मदतनीस तरंगती रिंग घेऊन आला, तिने दोन्ही हातांनी ती धरली आणि तोंड पाण्यात घातलं. पहिल्याच फटक्यात खाली पिवळेधमक टँग मासे आणि एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता. तो कुरतडल्याचा आवाज पाण्याखाली स्पष्ट येतो, कुरकुर, कुरकुर, कोणी चिवडा खातंय असा. ती वर आली ती 'अगं, तो जेवतोय' असं सांगतच. बोट ठरवतानाच फोनवर स्पष्ट सांगा: एकीला पोहता येत नाही, एकाला सराव नाही, आम्हाला पाण्यात उतरणारा मदतनीस हवा. त्यावर कॅप्टन किती प्रश्न विचारतो ते बघा. 'नो प्रॉब्लेम' एवढंच म्हणाला तर दुसरा शोधा.

बारीकसारीक गोष्टी. सासऱ्यांना मिशा असतील तर मास्कमधून पाणी झिरपणार. मिशांवर व्हॅसलीन चोपडलं की बरंच थांबतं. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी लावून विसळायची. सासूबाई नाक मुरडतील, पण बेबी शांपूचा एक थेंबही तेच काम करतो. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधीच मागून ठेवा. पाणी साधारण २६ अंश असतं, ऐकायला उबदार, पण पाऊण तासाने आपली माणसं कुडकुडतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि लेगिंग्ज सगळ्यांसाठी घ्या, म्हणजे थंडी, ऊन आणि संकोच तिन्ही मिटतात. सनस्क्रीनचं मात्र लक्षात ठेवा: माउई परगण्यात ऑक्टोबर २०२२ पासून खनिज नसलेल्या सनस्क्रीनची विक्री आणि वापर दोन्ही बंद आहेत. डब्यावर फक्त झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असायला हवं.

मळमळीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. खिशात आलेपाक. सकाळी उपाशी निघू नका, भरपेटही नको. बोटीवर शाकाहारी म्हटलं की बहुधा चीज आणि टोमॅटोचं सँडविच येतं, त्यामुळे तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर नेल्या तर बिघडत नाही. आमच्या कॅप्टनने चार खाल्ल्या.

कासवं दिसतीलच, होनू म्हणतात त्यांना. तीन मीटर लांब राहायचं, हात लावायचा नाही, मुलांना आधीच बजावा. डॉल्फिनबरोबर पोहायचं आश्वासन कोणी देत असेल तर तो कायदा मोडतोय. स्पिनर डॉल्फिनच्या पन्नास यार्डांच्या आत जायला २०२१ पासून बंदी आहे. देवमासे जुलैत नसतात, ते डिसेंबर ते एप्रिल. त्या दिवसांत कान पाण्यात घातले की त्यांचं गाणं ऐकू येतं, पण त्यासाठी पुन्हा जावं लागेल.

हलेआकालाचा सूर्योदय आणि बोट एकाच दिवशी जमेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही जमणार. सूर्योदयाला आधी आरक्षण लागतं आणि रात्री तीनला उठून डोंगर चढावा लागतो, तर बोट सातला सुटते. उंचीची भीती मात्र बाळगू नका. पाण्यातून आल्यावर लगेच उंचावर जाऊ नये हा नियम पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जाणाऱ्या स्कूबावाल्यांचा, नुसत्या स्नॉर्केलिंगला तो लागू नाही. सकाळी बोट करून संध्याकाळी सूर्यास्ताला वर गेलात तरी चालेल. वर जाताना जाड जाकिटं घ्या, जुलैतही दात वाजतात.