लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. थॅलेसेमिया मायनर असेल का?

चार महिने गोळ्या घेऊनही आपले हिमोग्लोबिन १० च्या वर जात नाही, डॉक्टरांना थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक दोषाचे सौम्य रूप) शंका आहे आणि लग्नाला अडचण येईल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, पण याच प्रश्नापायी माझी सात वर्षे वाया गेली, म्हणून लिहिते.

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात ‘न जेवणारी मुलगी’ अशीच माझी ओळख होती. बाराव्या वर्षी हिमोग्लोबिन ९.८ निघाले आणि लोखंडी कढईत काळी पडलेली पालकाची भाजी, गूळ-दाणे आणि रोजची गोळी मागे लागली. थोरले काका माझ्या ताटाकडे पाहून म्हणत, “सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेली की हिला बरोबर भूक लागते.” एकोणिसाव्या वर्षी एका नव्या डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टमधल्या दोन आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल काढले: तांबड्या पेशी ५९ लाख आणि पेशीचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ६१. लोह कमी असते तेव्हा पेशींची संख्याही सहसा घटते. माझ्या पेशी भरपूर होत्या, पण बारीक. ५९ लाख म्हणजे ५.९ दशलक्ष; ६१ ला ५.९ ने भागले की १० च्या आसपास येते, आणि हे उत्तर १३ च्या खाली आले तर थॅलेसेमियाची शंका घ्यावी, असा आडाखा आहे. पुढे एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या रक्ततपासणीत, हिमोग्लोबिन ए-२ हे ५.४ टक्के निघाले, जे एरवी साधारण ३.५ च्या आत असते. घरी येऊन जुनी फाइल काढली, तर पहिल्याच रिपोर्टवर पेशी ५७ लाख छापलेल्या होत्या. सात वर्षे तो आकडा कोणीही वाचला नव्हता.

मायनर म्हणजे या दोषाचे नुसते वाहक असणे, तो आजार म्हणण्याजोगा नाही. लग्न खुशाल करावे, मात्र जोडीदाराची एचपीएलसी आधी करून घ्यावी. तो वाहक नसेल तर मुलांना मेजर होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मेजरची शक्यता २५ टक्के असते, आणि मेजर म्हणजे जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवणे. गर्भाची तपासणी दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून करता येते. गोळ्या मात्र माझे वाचून बंद करू नका. वाहकालाही लोहाची कमतरता असू शकते आणि तेव्हा ए-२ फसवे कमी दिसू शकते, म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आधी तपासून पाहावे.

हा दोष आई किंवा वडिलांकडूनच येतो. वडिलांची तपासणी केली, तेही वाहक निघाले. काकांना सांगितले, तर “हा सिंधी-पंजाब्यांचा रोग, मराठी घरात कुठून येणार?” म्हणाले. त्या समाजांत तो अधिक आढळतो हे खरे, पण रक्त आडनाव विचारत नाही. काकांनी अजून तपासणी केलेली नाही, आणि त्यांचे स्वतःचे हिमोग्लोबिन ११ च्या वर गेल्याचे आमच्या घरात कोणालाही आठवत नाही.