पीएसएम करून सरकारी आरोग्य सेवेत राहावं का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या मेयो कॉलेजातून एमबीबीएस झालं, बॉण्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेत) रामटेककडच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आहात, घरचे मेडिसिनमध्ये एमडी करण्याचा आग्रह धरतात आणि तुमचं मन पीएसएम, म्हणजे सामुदायिक आरोग्यातली एमडी करून सरकारी सेवेत राहण्याचं आहे. मी याच खात्यात पीएचसीपासून जिल्ह्यापर्यंत नोकरी केली. जरूर राहा. पण पीएसएमची घाई नको, आधी तीन-चार वर्षं पीएचसीत काढा.

एक घोळ आधी मिटवतो. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, तिथे पीएसएमवाला शिकवण्याच्या नोकरीत जातो. तुमची वाट सार्वजनिक आरोग्य खात्याची: वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकारी आणि वर उपसंचालक, ज्यांच्याकडे नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत सहा जिल्हे असतात. पैसा खासगीइतका नाही. व्यवसायरोध भत्ता घेतला की संध्याकाळचा दवाखाना विसरायचा. हे घरी आजच स्पष्ट सांगा.

पीएचसीचा आग्रह का, तेही सांगतो. माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात एका गावात गॅस्ट्रोची साथ आली. रजिस्टरमध्ये पाण्यात रोज टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची भुकटी) टाकल्याची नोंद होती, खाली सही. मी नळाचं पाणी परीक्षानळीत धरून ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे थेंब टाकले. क्लोरीन असता तर पिवळं व्हायला हवं होतं. पाणी होतं तसंच राहिलं. पंपघरात टीसीएलचं पोतं उघड्या तोंडाने ओल्या फरशीवर पडलेलं. क्लोरीन केव्हाच उडून गेला होता आणि पाणीवाला बिचारा रोज इमानेइतबारे ती भुकटी टाकत होता. रजिस्टरमध्ये कुणीच खोटं लिहिलं नव्हतं. त्या साथीत एक आजी गेल्या. सकाळीच मी त्यांना ओआरएसची पाकिटं देऊन आलो होतो. त्यांच्या ओसरीवरचा तो तांब्या मला अजून दिसतो.

पुढे जिल्ह्याला माझ्या टेबलावर ‘शंभर टक्के शुद्धीकरण’ असे अहवाल यायचे, तेव्हा मी आरोग्य सेवकाला फोन लावून विचारायचो, पोतं कुठे ठेवलंय, तोंड बांधलंय का? पीएसएमच्या एमडीने मला साथीचा आलेख वाचायला शिकवलं, त्याचा उपयोग रोज झाला. हा प्रश्न मात्र त्या पंपघरातला.

सेवेत असणाऱ्यांसाठी पीजीच्या (पदव्युत्तर शिक्षणाच्या) वेगळ्या जागा निघतात, त्या वर्षीचे नियम नीट वाचून फॉर्म भरा. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तुमच्या हद्दीतल्या ग्रामपंचायतींची पोती स्वतः बघून या.