गोळ्या बंद केल्या, औषध अंगात किती दिवस राहतं?

प्रश्न : मुलीने मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन २० मिलिग्रॅमची कॅप्सूल सहा महिने घेतली. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास बंद केली. आता मे महिन्यात लग्न आहे. विहीणबाई म्हणतात, ‘ही औषधं तीन वर्षं अंगात राहतात, मूल होऊ देऊ नका.’ खरं आहे का?
– एक आई, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : विहीणबाईंनी ऐकलंय ते खरं आहे, पण दुसऱ्याच औषधाबद्दल. आयसोट्रेटिनॉइनचं रक्तातलं प्रमाण साधारण वीस तासांत निम्म्यावर येतं. पाच दिवसांत ते अगदी थोडं उरतं, त्याच्यापासून बनलेले घटकही साधारण दोन आठवड्यांत जातात. तरीही या औषधाने गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून शेवटच्या कॅप्सूलनंतर पूर्ण एक महिना गर्भ राहू द्यायचा नसतो. रक्तदानही तेवढाच काळ नको. मुलीचा तो महिना कधीच उलटलाय.

तीन वर्षांचा नियम आहे तो ॲसिट्रेटिनचा. सोरायसिसवर देतात ते. दारू पोटात गेली की त्याचं एट्रेटिनेट होतं, ते चरबीत साठतं आणि निम्मं व्हायलाच सुमारे चार महिने घेतं. दोन्ही नावं कानाला सारखीच वाटतात, त्यामुळे असा घोळ होतो. पाकिटावर कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषध लिहिलेलं असतं, ते वाचा. पाकीट फेकलं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी काढा.

लग्नाच्या तयारीत एक मात्र पार्लरवालीला आधीच सांगून ठेवा : वॅक्सिंग नको, चेहऱ्यावर तर नकोच. औषध गेलं तरी कातडी काही काळ नाजूक राहते, मेणाच्या पट्टीबरोबर सालपट निघून डाग पडतो. कॅप्सूल थांबल्यापासून किमान सहा महिने हे पथ्य. आणि आपल्या उन्हात सनस्क्रीन लावल्याशिवाय बाहेर पाठवू नका.

प्रश्न : मी यंत्रमागावर आहे. पायाच्या अंगठ्याच्या नखाला बुरशी झाली होती. टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, अशी तीन महिने घेतली. गोळ्या संपल्या, नख अजून अर्धं पिवळंच आहे. आणखी एक कोर्स घेऊ का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. टर्बिनाफिन नखात साठतं आणि गोळ्या थांबल्यावरही काही महिने तिथे काम करत राहतं. पिवळा भाग बरा होऊन पांढरा होत नाही, तो पुढे सरकून कापलाच जावा लागतो. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष. निरोगी आणि पिवळ्या भागाच्या सीमेवर कानशीने हलकी रेघ मारा. दर महिन्याला बघा : रेघेच्या मागे, मुळाकडे नख स्वच्छ असेल तर काही करू नका. पिवळेपणा रेघ ओलांडून मुळाकडे सरकला, तर नखाचा चुरा तपासून घ्या आणि मगच पुढच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला. बुरशीच नसेल, तर दुसरा कोर्स घेऊन यकृताला उगाच ताप.